जायफळाचा एकच वळसा

मे महिना, दुपारचे दोन, किराणा ओळ.
पसाऱ्याच्या दुकानात फक्त पंखा जागा.
मी म्हटलं, बाळघुटी द्या. नऊ दिवसांची पोरगी आहे.
तो म्हणाला, बाई नाही आली कोणी?
म्हटलं, बाईला टाके आहेत.

मग उठला. डबे उघडत
एकेक नग कागदावर ठेवत गेला,
जशी माझ्याच सोयऱ्यांची ओळख करून देत होता.
हे वेखंड. हा हिरडा. ही मुरडशेंग,
पोटातल्या पिळाला हिचा पीळ.
हळकुंड, ज्येष्ठमध, काकडशिंगी,
अतिविषाची कळी.
आणि हे जायफळ. "याचा एकच वळसा, भाऊ.
जास्त झालं तर लेकरू झोपूनच राहते
अन् तुम्ही म्हणता, किती गुणाचं आहे बाप्पा."

गोळीबार चौकात आमच्या खोलीखाली
माग चालायचे पहाटे चारपर्यंत.
खटाक खटाक.
त्या ठेक्यावर मी सहाणेवर वळसे मोजायचो
आणि तिसऱ्यालाच चुकायचो.
तुटलेलं सूत अंधारात सांधणारी ही बोटं,
पण हिरड्याचा तुकडा हातातून निसटायचा.
वैजयंती खाटेवरून बघायची,
मेडिकलच्या वॉर्डात नव्या सिस्टरकडे बघते तशी.
सहाण उकळलेल्या पाण्याने धू.
मध नाही. वर्षाच्या आत मध नाही, तुझी आत्या काहीही सांगो.
अंगावरच्या दुधात कालव.
चमचा नको, बोट नको, हे बोंडलं घे.

शर्वरी तोंड वाकडं करायची,
मग जीभ बाहेर काढून
गेलेली चव शोधत राहायची.

डिसेंबरात एका रात्री
तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या.
मी सहाणेकडे वळलो होतो. खरं सांगतो, वळलो होतो.
वैजयंतीने फक्त म्हटलं, गाडी काढ.

मेयोत एक तरुण डॉक्टरीण,
स्वेटरची बाही शाईने भरलेली.
घरी काय काय दिलं?
मी पाठ म्हटल्यासारखं सांगत गेलो,
ती लिहीत गेली.
अतिविष म्हटलं, तशी तिने मान वर केली.
विष?
नावात आहे, मॅडम, म्हटलं,
नुसतं नावात.
आणि पहिल्यांदाच ते नाव
माझ्या कानांनी ऐकलं.
पाय कापत होते. बाहेर थंडीही होती.

न्यूमोनिया निघाला. पाच दिवस.
घुटीने झाला नव्हता. घुटीने थांबलाही नसता.
एवढं तिने समजावून सांगितलं, माझ्या वयाला मान देऊन.

महिनाभर सहाण मी मागच्या फळीवर
रॉकेलच्या डब्यामागे ठेवली.
एका संध्याकाळी वैजयंतीनेच ती काढून
माझ्यासमोर आदळली.
घास.
तिचं पोट दुखतंय. पोट दुखणं मला ओळखू येते.
आज ड्यूटीला जायचं आहे मला.

आता शर्वरी सहा वर्षांची.
खोकल्याला अडुळसा लागला की
बगीच्याच्या कुंपणावरून स्वतःच पानं तोडते,
माळ्याला सांगते, औषध आहे, फूल नाही.
माग बंद झाले. खाली मोबाईलचं दुकान आहे.
डब्यात वेखंड नखाएवढं उरलं,
मुरडशेंग तर कधीच संपली,
हळकुंडाचा एक पिवळा खडा.
जायफळ मात्र जवळजवळ अख्खं,
एका बाजूला झिजून सपाट झालेलं,
वळशामागून वळसा.

काल मागच्या खोलीतला रामसनेही आला,
बालाघाटचा, प्लास्टरचं काम करतो,
भुवयांपर्यंत सिमेंट.
लेकरू रात्रभर रडते म्हणाला.
किती दिवसांचं?
बारा.
मी विचारणार होतो, बाई नाही आली कोणी?
गिळलं.
म्हटलं, बस. आधी हात धू, कोपरापर्यंत.
ताप असला, दूध सोडलं, श्वास धापला
तर माझ्याकडे नको येऊ, सरळ मेयो. रात्र असली तरी.
मग सहाण मांडली
आणि जायफळ त्याच्या हातात दिलं.

दारातून शर्वरी ओरडली, एकच!

त्याने फिरवलं. सिमेंटने फुटलेली ती बोटं
एवढ्या हळू फिरली
की वळसा पुरा व्हायला
बराच वेळ लागला.